व्हेंडिंग मशीनजवळ कोण उभं होतं? चर्चमध्ये स्टँडअप करणाऱ्या एका कलावंताचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण अमेरिकेच्या मध्यपश्चिमेतल्या एका ख्रिस्ती स्टँडअप कलावंताचं आहे. ओळख पटू नये म्हणून ठिकाणं, काही कौटुंबिक तपशील आणि काही आकडे बदलले आहेत. घटनांचा क्रम आणि प्रत्येक टप्प्यावरचे निर्णय मात्र तसेच ठेवले आहेत.

कलावंत पंचेचाळिशीचे. २००९ पासून पूर्णवेळ हेच काम, वर्षाला साधारण ७० कार्यक्रम, त्यातले बहुतेक चर्चमध्ये. अमेरिकेत हे एक स्वतंत्र क्षेत्रच आहे. मार्क लॉरी, चोंडा पियर्स, केन डेव्हिस, टिम हॉकिन्स ही त्यातली सर्वपरिचित नावं. युटामधल्या प्रोव्हो इथला ‘ड्राय बार कॉमेडी’ हा मंच आल्यापासून शिवीगाळ नसलेल्या, घरात सगळ्यांनी मिळून बघता येईल अशा विनोदाला इंटरनेटवरही मोठा प्रेक्षक मिळाला. पण पोट चालतं ते अजूनही शनिवार-रविवारच्या चर्चच्या कार्यक्रमांवर.

असा कार्यक्रम उपासनेच्याच सभागृहात होतो. पास्टर, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, सूचना देतात, प्रार्थना करतात, मग कलावंत तासभर एकटा उभा राहतो. पहिली पंचेचाळीस-पन्नास मिनिटं निव्वळ विनोद असतो: संसार, किशोरवयीन मुलं, संडे स्कूल (मुलांची रविवारची धर्मशिक्षणाची शाळा), चर्चच्या मंडळीतली भांडणं. उरलेली दहा-बारा मिनिटं साक्षीची, म्हणजे देवाने आपल्या आयुष्यात काय केलं हे स्वतःच्या तोंडाने सांगण्याची. साक्षीनंतर आवाहन होतं. कुणाला प्रार्थना हवी असेल त्यांनी पुढे यावं, किंवा सेवासंस्थेमार्फत एखाद्या गरीब देशातल्या मुलाचं प्रायोजकत्व घ्यावं, म्हणजे त्याच्यासाठी दरमहा पैसे द्यावेत.

पैसे दोन प्रकारे मिळतात. मोठं चर्च ठरलेली रक्कम देतं. या कलावंतांची ती २,५०० डॉलर अधिक प्रवासखर्च अशी होती. लहान चर्चमध्ये ‘लव्ह ऑफरिंग’ असतं, म्हणजे त्या संध्याकाळी थाळीत जमेल ते. नाव प्रेमाचं असलं तरी कर खात्याच्या लेखी तो कामाचा मोबदला असतो. त्यावर प्राप्तिकर तर लागतोच, शिवाय स्वयंरोजगाराचा १५.३ टक्के करही लागतो. नवे कलावंत हे विसरतात आणि एप्रिलमध्ये, कराचं विवरणपत्र भरताना, अडचणीत येतात.

जागेबद्दल एक गोष्ट सांगायला हवी, कारण पुढच्या सगळ्या घोळाचं एक मूळ तिथे आहे. कॉमेडी क्लबचं छत बुटकं असतं, माणसं खेटून बसतात आणि एकाचं हसू दुसऱ्याला लागतं. चर्चचं सभागृह उंच असतं, पुढच्या दोन रांगा रिकाम्या असतात, दोन कुटुंबांत तीन-तीन खुर्च्यांचं अंतर असतं. हसू वर जातं आणि विरतं. त्यामुळे एका ओळीचे विनोद तिथे पडतात. टिकते ती लांब, हळूहळू चढत जाणारी गोष्ट. म्हणून या क्षेत्रातले कलावंत एकेक गोष्ट वर्षानुवर्षं सांगत राहतात. शंभर वेळा सांगितलेल्या गोष्टीचा आकार बदलल्याशिवाय राहत नाही.

समस्या

कलावंतांच्या कार्यक्रमाचा शेवट वडिलांच्या मृत्यूच्या गोष्टीने व्हायचा. मंचावरची गोष्ट अशी होती: वडील ट्रकचालक, दारूचं व्यसन, देवाचं नाव काढलं तरी चिडणारे. एका रात्री फोन येतो. कलावंत नऊ तास गाडी चालवत पोहोचतात. पहाटे चार वाजता कॉरिडॉरमध्ये एक चॅप्लेन, म्हणजे रुग्णांसोबत प्रार्थना करणारा धर्मोपदेशक, व्हेंडिंग मशीनशी झुंजत असतो. वडिलांना जिंजर एल (आल्याच्या चवीचं शीतपेय) हवंय, आणि मशीन डॉलरची चुरगळलेली नोट पुनःपुन्हा परत फेकतंय. चॅप्लेन ती नोट गुडघ्यावर घासून सरळ करतो, आत घालतो, मशीन घुर्र करून परत देतं. (कलावंत इथे मशीनचा आवाज तोंडाने काढत. या जागी सभागृह हमखास हसून कोसळायचं.) अखेर डबा पडतो. वडील डोळे उघडून मुलाला म्हणतात, “तू आलास? म्हणजे आता मरायलाच हवं.” पुन्हा मोठा हशा. मग ते चॅप्लेनसोबत प्रार्थना करतात, प्रभूचा स्वीकार करतात आणि सकाळी सहाला जातात.

ऑक्टोबर २०२३ मध्ये या गोष्टीची चार मिनिटांची क्लिप बरीच पसरली. ती बहिणीपर्यंत पोहोचली. तिचा निरोप दोन वाक्यांचा होता: “मशीनजवळ मी होते. डॉलर माझा होता.”

घडलं होतं ते असं. वडील २०१० मध्ये वृद्धांच्या एका शुश्रूषा केंद्रात होते. मशीनचा प्रसंग खरा, पण तिथे चॅप्लेनसोबत बहीण होती. प्रार्थनाही खरी, पण ती मृत्यूच्या तीन आठवडे आधीची. नऊ तासांचा प्रवासही खरा, पण वडील गेल्यानंतरच्या दिवशीचा, अंत्यविधीसाठीचा. “आता मरायलाच हवं” हे वाक्य वडिलांनी उच्चारलेलंच नव्हतं.

वेळही अवघड होती. अकरा आठवड्यांवर तासभराच्या स्पेशलचं, म्हणजे कॅमेऱ्यासमोरच्या पूर्ण कार्यक्रमाचं, चित्रीकरण ठरलेलं होतं आणि शेवट याच गोष्टीचा होता. पुढच्या सात महिन्यांत २३ चर्चचे कार्यक्रम पक्के होते. त्यातल्या निम्म्याअधिक चर्चच्या पत्रकांवर ‘वडिलांच्या अखेरच्या रात्रीची साक्ष’ असा उल्लेख होता. आणि गेली सहा वर्षं मुलांच्या प्रायोजकत्वाचं आवाहन या गोष्टीला जोडून, वडिलांच्या प्रार्थनेनंतरच्या शांततेत केलं जात होतं.

खोटं कसं शिरलं

एका बैठकीत कुणी ही गोष्ट रचली नव्हती. कलावंत प्रत्येक कार्यक्रम फोनवर ध्वनिमुद्रित करत, कुठे हशा आला ते नंतर ऐकण्यासाठी. ही सवय सगळेच चांगले कलावंत पाळतात, आणि इथे तीच पुरावा ठरली. जुन्या फोनांतून आणि लॅपटॉपमधून ३१ ध्वनिमुद्रणं सापडली. त्यातली दोन-दोन वर्षांच्या अंतराची सहा शब्दशः उतरवून घेतली.

२०११ मध्ये कलावंत सांगतात, “बहिणीने मला फोनवर सांगितलं.” गोष्ट खरी आहे, पण हशा कमी आहे, कारण ऐकीव गोष्टीत ‘मग ती म्हणाली, मग तो म्हणाला’ असं करत पंचलाइनपर्यंत जावं लागतं. २०१३ मध्ये बहीण एका वाक्यात आटोपते. २०१५ मध्ये फोन नाहीसा होतो आणि कलावंत स्वतः कॉरिडॉरमध्ये उभे दिसतात. कारण उघड आहे: मशीनचा घुर्र आवाज काढायचा तर काढणारा तिथे असायला हवा. २०१७ मध्ये तीन आठवड्यांची एक रात्र होते. २०१९ मध्ये नऊ तासांचा प्रवास आदल्या रात्रीवर सरकतो. २०२१ च्या एका कार्यक्रमात मरणाचं वाक्य बोलण्याच्या ओघात सुचतं, चारेकशे माणसं हसतात आणि ते वाक्य तिथेच राहून जातं.

प्रत्येक बदलाला कारागिरीच्या दृष्टीने कारण होतं, आणि एकेकटा बघितला तर बदल लहान होता. धोका इथेच असतो. विनोदाची संहिता घासताना ‘काय काढलं तर हशा वाढेल’ हाच प्रश्न विचारायचा असतो. साक्षीला तो प्रश्न लावला की सगळ्यात आधी दुसरी माणसं बाहेर पडतात, कारण जास्त पात्रं म्हणजे जास्त सेटअप, विनोदाआधीची जास्त मांडणी.

विचारात घेतलेले पर्याय

पहिला पर्याय, काहीच न बदलणं. ‘स्टँडअपमध्ये अतिशयोक्ती असतेच, लोकांना ते कळतं.’ हे विनोदाच्या पन्नास मिनिटांपुरतं खरं आहे. माझी बायको नकाशा उलटा धरते म्हणून आम्ही कॅनडात पोहोचलो, असं कुणी म्हणालं तर ते खरं मानून कुणी चर्चा करत नाही. पण साक्ष सुरू होते तेव्हा दिवे मंद होतात, आवाज खाली येतो, पवित्र शास्त्रातलं वचन येतं. आता मी खरं बोलतोय, असंच ते सगळं मिळून श्रोत्यांना सांगत असतं. त्यानंतर अतिशयोक्तीची मुभा उरत नाही. माणसं त्या भरवशावर प्रार्थनेला पुढे येतात, दरमहा पैसे देण्याच्या अर्जावर सही करतात.

या क्षेत्राला याचा जुना चटका बसलेला आहे. माइक वॉर्न्के हे ख्रिस्ती विनोदातलं एकेकाळचं फार मोठं नाव. आपण पूर्वी सैतानपूजकांचे धर्मगुरू होतो, ही त्यांची साक्ष १९७२ च्या पुस्तकातून आणि नंतर ध्वनिमुद्रिकांतून घरोघर पोहोचली होती. १९९२ मध्ये शिकागोच्या ‘कॉर्नरस्टोन’ या ख्रिस्ती नियतकालिकानेच शोध घेऊन ती रचलेली असल्याचं दाखवून दिलं. चर्चबाहेरचं उदाहरण तर ताजं होतं. सप्टेंबर २०२३ मध्ये ‘न्यू यॉर्कर’ या नियतकालिकाने अमेरिकी स्टँडअप कलावंत हसन मिन्हाज यांच्या मंचावरच्या काही प्रसंगांची छाननी केली, आणि मिन्हाज यांनी ‘भावनिक सत्य’ असा बचाव मांडला. त्या बचावावर क्लबमध्ये वाद होऊ शकतो. साक्ष देणाऱ्याला तो उपलब्धच नाही. ‘खोटी साक्ष देऊ नको’ ही दहा आज्ञांतलीच एक आहे, आणि त्या आज्ञेत ‘शेजाऱ्याविरुद्ध’ हा शब्द आहे. इथे तो शेजारी म्हणजे सख्खी बहीण होती.

दुसरा पर्याय, आजपासून गुपचूप दुरुस्ती. कलावंतांचे कार्यक्रम ठरवणाऱ्या एजंटचं मत हे होतं, आणि ते केवळ धंद्याचं नव्हतं. जाहीर खुलासा केला तर कुटुंबाचं दुःख चव्हाट्यावर येईल, आई अजून हयात आहे, असं ते म्हणत होते. अडचण अशी की २३ चर्चनी जुन्या गोष्टीच्या भरवशावर तारखा दिल्या होत्या आणि सेवासंस्था अजूनही ती क्लिप वापरत होती.

तिसरा, साक्ष पूर्ण गाळून फक्त विनोद करणं. हे सोपं होतं, पण वडिलांची प्रार्थना खरी होती. खोट्या चौकटीबरोबर खरी गोष्टही फेकून देणं बहिणीलाच मान्य नव्हतं.

चौथा, गोष्ट दुरुस्त करणं आणि ज्यांनी तिच्यावर विसंबून काही ठरवलं होतं त्यांना आपणहून कळवणं. कलावंत ज्या चर्चचे सदस्य होते तिथल्या पास्टर आणि वडीलमंडळाचा (चर्चचा कारभार बघणाऱ्या ज्येष्ठ सदस्यांचा) आग्रह याचा होता. सगळ्या जगाला पत्र लिहू नका, असंही त्यांनीच सांगितलं. ज्याला चुकीची माहिती देऊन निर्णय घ्यायला लावलं त्याला कळवायचं, बाकीच्यांना क्लिपच्या जागी एक टीप पुरेशी आहे. एजंटची काळजी आणि वडीलमंडळाचा आग्रह या दोन्हींना जागा देणारी ही मर्यादा फार उपयोगी पडली. चौथा पर्याय निवडला गेला.

प्रत्यक्ष काय केलं

आधी छाननी. २०२३ च्या क्लिपचा पूर्ण प्रसंग उतरवला तेव्हा ७४ वाक्यं झाली. प्रत्येक वाक्यासमोर चार रकाने केले: हे कोणी पाहिलं, प्रत्यक्षात काय झालं, कुठला हशा यावर टेकलेला आहे, आणि हे ऐकून श्रोता काय मानेल किंवा काय करेल. ४१ वाक्यं खरी निघाली. १३ उघड अतिशयोक्तीची होती, जसं मशीनने नोट सत्तावीस वेळा फेकली, ती ठेवली. ९ वाक्यांत काळ दाबून जवळ आणला होता. ११ सरळ चुकीची होती. चौथा रकाना सगळ्यात मोलाचा ठरला. ज्या वाक्यावरून श्रोता देवाविषयी, पैशाविषयी किंवा एखाद्या खऱ्या माणसाविषयी काही ठरवेल ते वाक्य तंतोतंत खरं हवं. बाकीच्यांना विनोदाची सवलत. या कसोटीवर दाबलेल्या ९ वाक्यांपैकी ४ आणखी बाद झाली.

मग बहिणीशी भेट. तक्ता घेऊन दोघं तीन तास बसली. तिने आठ वाक्यं दुरुस्त केली, त्यातली दोन कलावंतांना खरी वाटत होती. आणि इथे या प्रकरणातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट बाहेर आली. मशीनचा तो प्रसंग घडत होता तेव्हा बहीण भावाशीच फोनवर बोलत होती. भाऊ पेट्रोल पंपाच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून मशीनची घुर्रघुर्र फोनवर ऐकत होता, हसत होता, आणि त्या संध्याकाळी त्याचा कार्यक्रम होता. “लवकर ये,” ती म्हणाली होती. त्यानंतरच्या तीन आठवड्यांत तो गेला नाही.

२०१५ मध्ये फोन गाळला तो फक्त हशासाठी नव्हता. कॉरिडॉरमध्ये स्वतःला उभं केल्यावर ‘मी गेलो नाही’ हे सांगायची गरजच उरली नव्हती. “तेवढं तरी तू सांग,” बहीण म्हणाली. तिच्याविषयीच्या प्रत्येक वाक्यावर नकाराचा अधिकार तिला लेखी दिला. आईविषयीची दोन वाक्यं तिने काढून टाकली.

पुनर्लेखन अपेक्षेपेक्षा अवघड गेलं. पहिल्या मसुद्यात ऐकीव गोष्टीची जुनी अडचण परत आली: नऊ मिनिटं झाली तरी एकही मोठा हशा नाही. मार्ग सापडला तो खऱ्या परिस्थितीतच. मंचावर आता कॉरिडॉर नाही, गाडी आहे. कलावंत खुर्चीवर बसतात, फोन कानाला धरतात आणि आपल्याला फक्त काय ऐकू आलं तेवढंच सांगतात: नोटेचा चुरचुर आवाज, मशीनची घुर्र, बहिणीचं “फादर, मी करू का?”, आणि चॅप्लेनचं “नको, आता हा माझ्या सेवेचा प्रश्न आहे.” मशीन दिसत नाही म्हणूनच ते डोळ्यांसमोर उभं राहतं. मग डबा पडल्याचा आवाज, बहिणीचं “लवकर ये”, आणि कलावंत फोन खाली ठेवून सांगतात की मी कार्यक्रमाला गेलो, लोक खूप हसले, आणि तीन आठवडे मी गेलो नाही.

चाचणी दोन ठिकाणी विभागावी लागली. ओपन माइकवर, म्हणजे कुणीही येऊन आपला विनोद करून पाहू शकतो अशा मंचावर, पाच मिनिटं मिळतात आणि तिथे साक्ष चालत नाही. म्हणून फक्त मशीनचा भाग आठ वेळा तिथे करून पाहिला. पूर्ण नऊ मिनिटं स्वतःच्या चर्चमधल्या बुधवारच्या छोट्या गटात, बारा-पंधरा माणसांसमोर तीनदा सादर केली. इतक्या कमी माणसांत हशाचा अंदाज येत नाही, पण कुठे अवघडलेपण येतं ते नेमकं कळतं. दुसऱ्या खेपेला एका बाईंनी विचारलं की या गोष्टीत देव तुम्हाला माफ करतो की तुम्ही स्वतःलाच माफ करून टाकता. शेवटची चार वाक्यं त्यानंतर बदलली.

मग कळवणं. पुढच्या तीस दिवसांतल्या पाच चर्चना आधी फोन, बाकीच्यांना पत्र. पत्राच्या पहिल्या मसुद्यात ‘गोष्टीचा आत्मा खरा होता’ असं वाक्य होतं. वडीलमंडळाने ते काढायला लावलं, कारण त्याने कबुलीचा बचाव होतो. अंतिम पत्र दीडशे शब्दांच्या आत होतं: काय खोटं होतं, काय खरं होतं, आता काय सांगणार, कार्यक्रम रद्द करायचा असेल तर कुठलाही दंड नाही आणि आगाऊ रक्कम परत. कारणमीमांसा नाही, ताणतणावांची वर्णनं नाहीत.

चित्रीकरण पाच महिने पुढे ढकललं. निर्मात्यांनी कारण ऐकल्यावर हरकत घेतली नाही. करारात ‘सामग्री स्वतःची आहे आणि कुणाच्या खाजगीपणाचा भंग करत नाही’ अशी हमी होती, त्यामुळे त्यांचाही फायदा होता. विमानाची तिकिटं आणि सभागृहाची आगाऊ रक्कम मात्र कलावंतांच्या खिशातून गेली.

काय चुकलं

सेवासंस्थेला सगळ्यात शेवटी कळवलं, आणि ही मोठी चूक होती. एका चर्चच्या कार्यालयातून ही बातमी आधीच त्यांच्याकडे गेली होती. विश्वासाचं नातं सहा वर्षांचं होतं. ते तुटलं नाही, पण क्लिप काढून टाकण्यापलीकडचं बोलणं सुरू व्हायला दोन महिने लागले. जिथे पैसा गोळा झाला आहे तिथे पहिला फोन करायला हवा होता.

क्लिप काढताना सुरुवातीला या गोष्टीच्या तिन्ही क्लिप नुसत्या पुसल्या. दोन दिवसांत इतरांनी उतरवून ठेवलेल्या प्रती फिरू लागल्या, आणि हे लपवालपवीसारखं दिसलं. मग त्या जागी तीन ओळींची टीप टाकली. ती पहिल्या दिवशीच टाकायला हवी होती.

तिसरी चूक मंचावरची. २३ पैकी ९ चर्चनी पत्राला उत्तरच दिलं नाही, आणि उत्तर नाही म्हणजे वाचलं असं कलावंत धरून चालले. त्यातल्या एका ठिकाणी जुनंच पत्रक वाटलं गेलं आणि पास्टरनी परिचयात ‘अखेरच्या रात्री’चा उल्लेख केला. कलावंतांनी आल्या आल्या खुलासा सुरू केला. सहा मिनिटं चालला. कुणाला काही संदर्भ नाही, सभागृह गार पडलं, आणि पुढची वीस मिनिटं एकही विनोद उभा राहिला नाही. त्यानंतर ठरलं: मंचावरची दुरुस्ती दोन वाक्यांत, तीही साक्षीच्या तोंडाशी. “ही गोष्ट मी पूर्वी वेगळी सांगायचो, आणि ती चुकीची होती. खरी गोष्ट माझ्या बहिणीची आहे.” तेवढ्यावर पुढे जायचं. शिवाय प्रत्येक कार्यक्रमाच्या दहा दिवस आधी पास्टरना फोन करून परिचयाचा मजकूर वाचून दाखवायचा.

निष्पत्ती

दोन चर्चनी कार्यक्रम रद्द केले. एकाने साक्षीशिवाय या असं सांगितलं. उरलेल्या वीस ठिकाणी कार्यक्रम झाले. पुढच्या वर्षाचं उत्पन्न साधारण सहाव्या हिश्श्याने घटलं. त्यातलं किती या प्रकरणामुळे आणि किती एरवीच्या चढउतारामुळे, हे वेगळं काढता येत नाही. प्रायोजकत्वाचं आवाहन आता साक्षीला जोडलेलं नसतं. मध्यंतरानंतर, दिवे लावून, संस्थेचा प्रतिनिधी ते स्वतः करतो. अर्ज कमी भरले जातात. कलावंतांनी आणि संस्थेने ते मान्य केलं आहे, आणि आमच्या मते हीच व्यवस्था सुरुवातीपासून असायला हवी होती, गोष्ट शंभर टक्के खरी असली तरीही. वडिलांच्या मृत्यूच्या शांततेत माणसाच्या हाती अर्ज देऊ नये.

मशीनच्या विनोदाला आता पूर्वीइतका हशा येत नाही. ध्वनिमुद्रणं शेजारी ठेवून ऐकली तर फरक स्पष्ट आहे. मात्र ‘मी गेलो नाही’ या वाक्यानंतर सभागृहात जी शांतता पसरते ती पूर्वीच्या कुठल्याच ध्वनिमुद्रणात नाही, आणि कार्यक्रमानंतर विक्रीच्या टेबलाशी टी-शर्ट घेणाऱ्यांपेक्षा स्वतः न गेलेल्या भेटींविषयी बोलणारी माणसं जास्त थांबतात. त्यासाठी कलावंतांनी एक बदल केला: टेबल दुसऱ्या कुणावर सोपवायचं आणि स्वतः बाजूला दोन खुर्च्या टाकून बसायचं.

बहीण चित्रीकरणाला आली नाही. तिला पाठवलेल्या संकलित प्रतीत तिने एक जागा बदलायला सांगितली आणि ती बदलली.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात स्वस्त उपाय २०११ मध्येच करता आला असता. खरी घटना पहिल्यांदा मंचावर नेण्याआधी ती विनोद न करता, साध्या शब्दांत, तारखेसह लिहून ठेवायची आणि त्यात असलेल्या प्रत्येक माणसाला वाचायला द्यायची. वर्षातून एकदा त्या पानाशी चालू संहिता ताडून बघायची. एका गोष्टीला दोन तास पुरतात. कलावंत आता हे दर जानेवारीत करतात. पहिल्याच वर्षी दुसऱ्या एका गोष्टीत मुलीचं वय दोन वर्षांनी घटलेलं सापडलं.

बोलावणाऱ्या चर्चनाही काही विचारता येईल. साक्षीतली माणसं हयात आहेत का, त्यांना ही गोष्ट मंचावर सांगितली जाते हे ठाऊक आहे का, आणि आवाहन साक्षीपासून किती अंतरावर आहे, एवढे तीन प्रश्न आरक्षणाच्या फोनवर पाच मिनिटांत होतात. आवाजाची व्यवस्था, मॉनिटर, पुढच्या रिकाम्या रांगा दोरीने बंद करणं याबद्दल पास्टर अर्धा तास बोलतात. हे मात्र कुणी विचारत नाही.

एका मुद्द्यावर या प्रकरणातल्या लोकांचं अजूनही एकमत नाही. २०१५ ते २०२३ मध्ये ज्या शेकडो चर्चनी जुनी गोष्ट ऐकली त्यांना शोधून कळवायचं का? वडीलमंडळाच्या मते टीप पुरेशी आहे. कलावंत स्वतः जुन्या डायऱ्या काढून, महिन्याला पाच-सहा याप्रमाणे, पत्रं पाठवत आहेत.

आणि तक्त्यातलं एक वाक्य अजून अनिर्णित आहे. डबा उघडल्यावर वडील चॅप्लेनला काय म्हणाले, हे बहिणीला एक आठवतं. चॅप्लेनना विचारल्यावर त्यांनी दुसरंच सांगितलं. मंचावर आता ते असं येतं: “बहीण सांगते की ते म्हणाले, ‘इतका वेळ लागला, तर प्रार्थनाही करून टाक.’ चॅप्लेन म्हणतात, ते फक्त ‘थँक यू’ म्हणाले. मी तिथे नव्हतो.”